सतरा नंबरची भैरवी

आमच्या घरमालकांना शब्द मोजायची सवय होती. खरोखर मोजायचे, डाव्या हाताच्या पेरांवर. समोरचा बोलायला लागला की त्यांचा अंगठा पेरांवरून चालू लागे, आणि त्याचं संपलं की म्हणत, "चौतीस. अकरात झालं असतं." स्वतः ते अकराच्या वर सहसा जात नसत. मला जागा दाखवली तेव्हा म्हणाले, "खोली ही. पाणी सकाळी. गच्चीवर कपडे चालतील." सात शब्दांत मी त्यांचा भाडेकरू झालो.

सगळी नोकरी तार ऑफिसात गेलेली. गल्लीत त्यांना तारमास्तर म्हणत. मी नुसतं मास्तर म्हणायचो. काकूंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, अगदी उलट. "यांनी वाचवलेले शब्द कुणीतरी वापरायला नकोत का?" असं म्हणून त्या दोघांच्या वाटचं बोलत. मास्तर ऐकत बसत. काकूंचे शब्द मात्र ते मोजत नसत. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "पेरं पुरत नाहीत."

पनवेलच्या तळ्यामागच्या गल्लीतलं ते दुमजली घर. खाली ते दोघं, वर मी. मी आलो तेव्हा माझं लग्न नुकतंच मोडलं होतं. बंदराच्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या एका ऑफिसात मी दिवसभर शिक्के मारायचो आणि संध्याकाळी कुणी "कसं चाललंय?" विचारेल या धास्तीने उशिरा घरी यायचो. मास्तरांनी कधी विचारलं नाही. जिन्याखाली त्यांची एक लोखंडी खुर्ची असे. पहिल्याच आठवड्यात तिच्या शेजारी दुसरी खुर्ची दिसली. मी बसलो. अर्धा तास आम्ही काहीही बोललो नाही. उठताना ते म्हणाले, "उद्या." त्या एका शब्दावर मी ते पहिलं वर्ष काढलं, असं म्हटलं तर आज कुणाला अतिशयोक्ती वाटेल. वाटू दे.

गुंडाळ्या आल्या त्या एका भंगारवाल्या चाचांकडून. पळस्प्याच्या अलीकडे हायवेला लागून त्यांचं गोडाऊन होतं. मास्तर जुन्या टेबलफॅनची जाळी शोधायला गेले होते आणि मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो होतो. एका कोपऱ्यात लांबट खोके रचलेले. चाचा वैतागलेले.

"मास्तर, खुदा की कसम, हे काय आहे मला पण माहीत नाय. डोंगरावरचा एक बंगला पाडला, त्यातला माल. रद्दीवाला पण घेत नाय. बोलतो, कागदाला भोकं पडलीत!"

मास्तरांनी एक खोका उघडला. आत लाटण्याएवढ्या दांडीवर गुंडाळलेला वीतभराहून रुंद कागद, आणि त्यावर बारीक छिद्रांच्या रांगा. त्यांनी डोळे मिटले आणि कागद दोन बोटांमधून हळूहळू सरकवला. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "कुणीतरी बोलतंय."

पूर्वी आपोआप वाजणारे पियानो असत. त्यात ही गुंडाळी बसवायची. कागद सरकत जाई आणि जिथं छिद्र येई तिथली पट्टी आपसूक दाबली जाई. वाजवायला माणूस नको. चाचांच्या बंगल्यातला तसा पियानो कुणा हॉटेलवाल्याने शोभेसाठी नेला होता आणि गाणी तेवढी भंगारात आली होती. एकतीस गुंडाळ्या. कोणत्या गाण्याची कोणती, हे सांगणाऱ्या चिठ्ठ्या एकाही खोक्यावर धड नव्हत्या. खळीच्या लोभाने कसरीने नेमक्या चिठ्ठ्याच खाल्ल्या होत्या. चाचांनी फॅनच्या जाळीवर सगळे खोके फुकट दिले. "ने जा, मास्तर. माझी जागा मोकळी होते, तुमची भरते."

तार ऑफिसात टेलिप्रिंटरची कागदी फीत असे, तिलाही अशीच छिद्रं. इतरजण ती डोळ्यांनी वाचत, मास्तर बोटांनी. "छिद्राला पोट असतं, पाठ असते," हे त्यांनी मला शिकवलं. छिद्र पाडताना कागदाची कड एका बाजूला किंचित उचलली जाते. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळते. त्यावरून कागदाची वरची बाजू कोणती ते ओळखायचं. ओळखली की ते कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक खूण करत, आणि मगच पुढचं काम.

पुढचं काम म्हणजे घरातल्या बोळात, एका खिडकीच्या गजापासून समोरच्या खुंटीपर्यंत कागद ताणायचा. पियानोच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांच्या खुणा केलेली सागवानी पट्टी त्यावर आडवी धरून मी सरकायचो आणि छिद्रांचे आकडे वाचायचो. मास्तर पेटीवर ते सूर एकेक करून जुळवायचे. तीन मिनिटांच्या गाण्याला तीन आठवडे लागत. सूर जमले की मग साक्षी. मास्तरांचा नियम असा की एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांनी एकच नाव सांगितल्याशिवाय खोक्याला चिठ्ठी चिकटवायची नाही. वहीतही तोवर नोंद पेन्सिलीने. दुसरा साक्षी मिळाला की शाई.

त्यामुळे दारात आलेला कुणीही सुटत नसे. गॅसवाला, मीटरवाला, मासळीवाली. उरणकडची ती मासळीवाली टोपली उतरवून एकदा पूर्ण गाणं ऐकत बसली. मग म्हणाली, "मास्तर, यो कुनाचा गाना हाय म्हनं? लग्नाचा हाय का मयताचा, त्या तरी सांगा. आमी तोंड कसा करून बसाचा?" मास्तरांनी वहीत लिहिलं, "मासळीवाली: निश्चित नाही."

खरे साक्षी दोनच उपयोगी पडायचे. मास्तरांचे एक जुने सहकारी, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे, त्यांना फोनवर ऐकवायचं. आणि नवीन पनवेलला मुलाकडे राहणाऱ्या, आयुष्यभर मुलांना पियानो शिकवलेल्या एक वयस्कर ख्रिश्चन बाई. त्यांना आम्ही टीचर म्हणायचो. त्या रिक्षाने येत, काकूंच्या हातची घावनं खात आणि डोळे मिटून ऐकत. दोन वर्षांत चौदा खोक्यांवर चिठ्ठ्या लागल्या. मास्तरांचं अक्षर छापल्यासारखं. प्रत्येक चिठ्ठी लागली त्या संध्याकाळी काकू शिरा करायच्या.

आता मला सतरा नंबरबद्दल लिहायचं आहे. इतकी वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही.

मास्तर नसताना गुंडाळीला हात लावायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम. एका रविवारी ते काकूंना घेऊन डॉक्टरकडे गेले होते. मी एकटा. सतरा नंबरवर मास्तरांची खूण आधीच झाली होती, वाचायला तो पुढच्या आठवड्यात घ्यायचा होता. नुसती बघावी म्हणून मी ती काढली, आणि ती हातातून निसटली. बोळभर कागद पळाला, शेवटी दांडीवरून सुटाच झाला. सुरुवातीचा कोपरा माझ्याच पायाखाली फाटला. मी घाईघाईने कागद गोळा केला, खळ लावून दांडीवर चिकटवला, फाटक्या कोपऱ्यावर पांढऱ्या कागदाचं ठिगळ मारलं आणि गुंडाळून खोक्यात ठेवला. कोणती बाजू वर होती हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

आलं ते आठवड्याने. मास्तरांनी गुंडाळी काढली, कोपरा चाचपला.

"खूण?"

"कोपरा फाटला होता, मास्तर. मी कागद लावला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नियम मोडला होता हे त्यांना कळलं, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. फक्त विचारलं, "सरळ लावलास ना?"

मी म्हणालो, "हो."

मला माहीत नव्हतं. "माहीत नाही" हे दोन शब्द होते, खरे होते, आणि त्या माणसाने ते निमूट ऐकून घेतले असते. पण त्या घरात माझ्यावर विश्वास टाकलेला होता, आणि तो तेव्हा माझ्याकडे असलेला एकमेव विश्वास होता. तो जाईल या भीतीने मी हो म्हणालो. शिवाय मला वाटलं, त्यांच्या बोटांना कळेलच. त्यांनी छिद्रांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "सपाट झालंय. जुनं आहे," म्हणाले आणि पेटीकडे गेले.

सूर जुळायला लागले तसे मास्तर गप्प व्हायच्या ऐवजी बोलू लागले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी सलग वाजवलं आणि आतून काकू कणकेच्या हातांनी बाहेर आल्या.

"अहो, ही तर भैरवी! दादऱ्यात!"

खरंच होती. कोमल रिषभ, कोमल गंधार, सगळं जिथल्या तिथं. इंग्रजी बाजाच्या पेटाऱ्यातून आमच्या बोळात भैरवी निघाली होती. कुण्या देशी माणसाने विलायती यंत्रासाठी भैरवी बसवली आणि तिचा पत्ता आजवर कुणालाच नाही, असं मास्तरांचं ठरलं. ठेका वरच्या सुरांत आणि गाणं खालच्या सप्तकात, ही गोष्ट विचित्र होती. मास्तर म्हणाले, "त्याचा आवाज खर्जातला असेल." एका निवृत्त गायनमास्तरांना ऐकवलं. ते म्हणाले, "सूर भैरवीचे, पण चालणं परक्याचं." मास्तरांनी तेही वहीत लिहिलं. चिठ्ठी लावली नाही. नियम तो नियम. पण चेहऱ्यावर असं तेज आलं की काकू मला म्हणाल्या, "आमच्या लग्नातसुद्धा हे असे दिसत नव्हते रे."

ठिगळाखालची खूण कोणत्या बाजूला आहे ते बघायला मला एक ओला फडका पुरला असता. एका दुपारी तो भिजवून मी हातात घेतलाही होता. मग पिळून वाळत टाकला.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत कागद ताणलेला, पट्टी घेऊन मी, पेटीवर मास्तर. चाळीसेक माणसं. चाचासुद्धा इस्त्रीचा कुडता घालून पुढच्या रांगेत. मास्तरांनी वाजवलं. टाळ्या पडल्या. कुणीतरी "वा!" म्हणालं. टीचर दुसऱ्या रांगेत होत्या, त्यांनी टाळी वाजवली नाही. त्यांचे पाय हलत होते.

"मास्तर," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "सॉरी हां, पण गंमत आहे. माझे कान हे ओळखत नाहीत. पाय ओळखतात. मी लहान असताना डॅडी मला त्यांच्या बुटांवर उभी करून नाचवायचे. हेच. पण हे नाही."

हॉलमध्ये हसू फुटलं. मास्तर हसले नाहीत. उठले, माझ्या हातातली कागदाची कड घेतली, आणि दोन्ही खांबांवरून सोडवून अख्खा कागद पालटला. मला म्हणाले, "वाच."

मी वाचलं. माझा आवाज माझा मलाच अनोळखी वाटत होता. पहिल्या ओळीतच भैरवी गेली. चढणारं उतरू लागलं, उतरणारं चढू लागलं, सगळे कोमल सूर शुद्ध झाले आणि पेटीतून एक हसरी, गिरक्या घेणारी इंग्रजी चाल निघाली. ठेका तोच, एक-दोन-तीन. टीचर खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या आणि जागच्या जागी एक वळण घेतलं. मग त्यांनी चालीचं नाव सांगितलं आणि डोळे पुसले.

मास्तर लोकांकडे वळले. म्हणाले, "चूक माझी. कागदाची बाजू बोटाला कळायला हवी. वर्षभर बोटांना काही कळत नाही. लपवलं. माफ करा."

पंधरा शब्द. मी मोजले, कारण त्या वेळी दुसरं काही करण्याची माझी हिंमत नव्हती. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. हातात पट्टी होती.

तेवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी निभावून नेलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर बोळात बसले होते. समोर पाण्याचं भांडं, हातात फडका. ते चौदा खोक्यांवरच्या चिठ्ठ्या भिजवून सोडवत होते.

"मास्तर, हे कशाला?"

"बोट खोटं. मग खूण खोटी. मग चिठ्ठी खोटी."

टीचरनी ओळखलेल्या चाली, सगळ्या सरळ वाजलेल्या, एकावरही शंका घ्यायचं कारण नव्हतं. मी एक वाक्य बोललो असतो तर ते हात थांबले असते. मी फडका घेतला आणि त्यांच्या शेजारी बसलो. चौदाच्या चौदा चिठ्ठ्या आम्ही दोघांनी मिळून काढल्या. त्यातल्या सात मी काढल्या.

मग त्यांनी सागवानी पट्टी माझ्याकडून घेतली, तिच्यावरून हात फिरवला आणि परत माझ्याकडेच दिली. "आता बोट तुझं." छिद्राचं पोट आणि पाठ ओळखायला त्यांनी मला शिकवलं. डोळे बांधून, रोज संध्याकाळी, टेलिप्रिंटरच्या जुन्या फितीवर. चुकलो की म्हणत, "पुन्हा." सहा महिन्यांनी मला कळायला लागलं. पहिली गुंडाळी पुन्हा पहिल्यापासून. पुढची चार वर्षं आम्ही त्या एकतीस गुंडाळ्या वाचल्या. मी बोटांनी, ते कानांनी. एकोणतीस चिठ्ठ्या लागल्या. माझ्या आयुष्यातल्या त्या सगळ्यात चांगल्या संध्याकाळी होत्या. माणसांत परत बसायला, कुणाला घरी बोलवायला, पुढे दुसरं लग्न करायला मी तिथंच शिकलो. आणि हे सगळं मला एका खोट्या "हो"मुळे मिळालं, हे मी एक संध्याकाळही विसरलो नाही. त्यांनी मला गप्प बसायला जागा दिली होती. मी तिच्यात लपलो.

मास्तर गेले तेव्हा मी बेलपाड्याला राहायला गेलो होतो. आलो, खांदा दिला, तेव्हाही बोललो नाही.

गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. पुण्याचे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे चालू स्थितीतला तसला पियानो आहे, ते सगळे खोके न्यायला येणार आहेत. "यांची वही तू एकदा नीट उतरवून दे बाबा. तुझ्याशिवाय कुणाला कळणार?"

मी गेलो. वहीत सगळ्या ओळी शाईत. सापडलेल्या गाण्यांच्या शाईत, न सापडलेल्या दोन गुंडाळ्यांच्याही शाईत, "नाव मिळाले नाही, साक्षी सात" अशा. फक्त सतरा नंबरखाली, चालीच्या नावानंतर, एक ओळ पेन्सिलीत होती. "उलट वाचन. चूक: स्वतः. साक्षी एक: स्वतः. साक्षी दोन:" आणि पुढे कोरं.

नियम तो नियम. स्वतःची चूकसुद्धा त्यांनी दुसऱ्या साक्षीशिवाय शाईत घातली नव्हती.

मी काकूंना स्वयंपाकघरातून बोलावलं आणि सांगितलं. निसटलेली गुंडाळी, ठिगळ, "हो", वाचनालय, फडका. त्या उभ्याच होत्या. मध्येच खुर्चीवर बसल्या. माझं संपल्यावर म्हणाल्या,

"मग तेव्हाच बोलायला काय तार करायची होती तुला? शब्दाला पैसे पडत होते?"

मी पेन्सिलीतल्या ओळीवर बोट ठेवलं.

"त्या चिठ्ठ्या काढल्या ना, त्या दिवशी जेवले नाहीत हे. मला म्हणाले, 'माझंच मला कळत नाही.' हे तुला ठाऊक असू दे." मग म्हणाल्या, "आणि हेही असू दे. बोटं गेलीच होती त्यांची. तव्याचे चटके बसायचे, कळायचं नाही. मी ओरडायचे, हे दाद देत नव्हते. त्या दिवशी चारचौघांत कबूल केलं म्हणून तर डॉक्टरांपुढे बोलले. तळपायाला जखम निघाली, पत्ताच नव्हता. पाय राहिला तो त्यामुळे."

हे त्या माझी समजूत घालायला म्हणाल्या की नुसतं झालं ते सांगितलं, मला माहीत नाही. मी त्याचा आधार घेणार नाही. पाय वाचला तो त्यांच्या खरं बोलण्याने. माझ्या खोट्याचा त्यात वाटा नाही.

मी पेन्सिलीतला "स्वतः" खोडायला रबर मागितलं. काकूंनी दिलं नाही.

"त्यांचं खोडू नकोस. तुझं लिही."

मी मास्तरांचं पेन घेतलं. दुसऱ्या साक्षीपुढे माझं नाव लिहिलं, आणि त्याखाली त्यांनी मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. "नाही. कागद मी उलटा चिकटवला."

काकूंनी वही ओढून घेतली. चष्मा लावून वाचलं. त्यांचा अंगठा पेरांवरून चालला, मास्तरांचा चालायचा तसा.

"पाच," त्या म्हणाल्या. "पाचच होते होय रे?"

मग त्या उठल्या, वही मिटून माझ्या हातात दिली आणि आत जाता जाता म्हणाल्या, "जेवून जा. आणि मीठ कमी असलं तर जेवतानाच सांग."